आठ जण जमिनीकडे पाहत नाहीत

नऊ विमानांची रचना आकाशात एकत्र असते तेव्हा त्यांतील आठ वैमानिक जमिनीकडे पाहत नाहीत. उंची दाखवणाऱ्या तबकडीकडे वळून पाहण्याचीही सवड त्यांना नसते. प्रत्येकाची नजर पुढच्या किंवा शेजारच्या विमानावरील ठरलेल्या खुणांवर असते. त्या खुणा एका रेषेत दिसत राहिल्या म्हणजे आपण आपल्या जागी आहोत, एवढेच त्याला कळते आणि तेवढेच त्याला पुरते. विमान उलटे आहे की सुलटे, जमीन किती जवळ आली आहे, वारा प्रेक्षकांच्या दिशेने ढकलतो आहे का, सूर्य डोळ्यांवर येणार आहे का, हा सारा हिशेब एकट्या लीडरने ठेवायचा असतो. बाकीच्यांनी तो त्याच्यावर सोपवलेला असतो. हवाई कसरतींच्या पथकात मी काम केले ते जमिनीवर, आणि या सोपवण्याचा अर्थ मला तिथे, हँगरमध्ये समजला.

माझे गाव बेळगावच्या पूर्वेला, सांबऱ्यापासून जवळ. सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली बांधली गेली. आज तिच्या एका बाजूला नागरी विमानतळ आहे आणि दुसऱ्या बाजूला वायुसेनेचे एअरमेन ट्रेनिंग स्कूल. आमच्या शिवारातून विमान उतरताना दिसते. त्यामुळे वायुसेना आमच्या भागातील मुलांना परकी वाटत नाही. घराघरांत मराठा लाइट इन्फंट्रीतील माणूस जसा असतो, तसा चार घरांआड एखादा एअरमनही निघतो. मी एअरफ्रेम फिटर झालो. म्हणजे विमानाचा सांगाडा, पंख, शेपटी, चाके, ब्रेक, हायड्रॉलिक नळ्या आणि वैमानिकाच्या हातातील दांड्यापासून पंखांवरील हलत्या पृष्ठभागांपर्यंत जाणारी सारी जोडणी हे माझे काम. यांत्रिक शिक्षण तांबरमला झाले, पुढे काही वर्षे दुसऱ्या ठिकाणी काढली आणि नंतर बिदरला सूर्यकिरण या वायुसेनेच्या हवाई कसरतींच्या पथकात बदली झाली. सूर्यकिरण तेव्हा किरण मार्क दोन या प्रशिक्षणाच्या जेट विमानांवर उडत असे.

बिदरला गेल्यावर परगावी आल्यासारखे वाटले नाही. बाजारात कन्नड, उर्दू आणि मराठी तिन्ही कानांवर पडत होत्या, भालकीकडून येणारा भाजीवाला माझ्याशी मराठीतच बोलत असे. पथकात मात्र देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतील माणसे होती आणि कामाची भाषा हिंदी-इंग्रजीची मिसळ होती.

पथकाचा इतिहास थोडक्यात सांगतो. वायुसेनेच्या सुवर्णमहोत्सवासाठी १९८२ साली थंडरबोल्ट्स नावाचे पथक उभे राहिले होते. ते २० व्या स्क्वॉड्रनच्या हंटर या लढाऊ विमानांवर नऊच्या रचनेत उडत असे. ते बंद झाल्यावर काही वर्षांनी, १९९६ मध्ये, बिदरला किरण विमानांवर सूर्यकिरण पथक सुरू झाले. ‘सदैव सर्वोत्तम’ हे त्याचे ब्रीद. त्यातील वैमानिक प्रशिक्षक दर्जाचे असतात, म्हणजे दुसऱ्याला उडवायला शिकवण्याची पात्रता मिळवलेले असतात, आणि मला वाटते की या अटीमागे फार शहाणपण आहे. शिकवणारा माणूस आपली कृती शब्दांत मांडू शकतो, आणि या पथकात प्रत्येक कृती उड्डाणाआधी व उड्डाणानंतर शब्दांत मांडावी लागते.

माझी सुरुवात विमानाला हात न लावता झाली. आमचे वॉरंट ऑफिसर निपाणीकडचे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हत्यारांच्या फळीसमोर उभे केले. त्या फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची आणि स्क्रू ड्रायव्हरची आकृती रंगवलेली असते. हत्यार काढले की तिथे मोकळी आकृती दिसते आणि ते कोणी नेले याची खूण तिथे टांगावी लागते. संध्याकाळी एक जरी आकृती मोकळी राहिली तरी त्या दिवशी त्या हत्याराने ज्या विमानांवर काम झाले ती सगळी विमाने थांबतात, मग कोणताही कार्यक्रम असो. विसरलेला एक पाना विमान उलटे झाल्यावर दांड्याच्या जोडणीत जाऊन अडकू शकतो. साध्या उड्डाणात जो पाना कदाचित वर्षभर एका कोपऱ्यात पडून राहिला असता, तो कसरतींच्या विमानात दिवसातून अनेकदा जागा बदलतो. “आपलं विमान रोज उलटं होतंय, हे ध्यानात ठेव,” असे ते म्हणाले, “त्यात सुटं काही राहता कामा नये.” मी “होय सर” म्हटले, पण त्या वाक्याचे वजन कळायला मला बराच काळ लागला.

त्यांनीच मला अमेरिकेच्या थंडरबर्ड्स पथकाची हकिकत सांगितली. १८ जानेवारी १९८२ रोजी नेवाडाच्या वाळवंटात सराव करताना चार टी-३८ जेट विमाने एका ओळीत लूप, म्हणजे आकाशातील उभा गोल, पूर्ण करून खाली येत होती. अधिकृत चौकशीनुसार लीडरच्या विमानातील शेपटीच्या नियंत्रणात यांत्रिक अडचण आली आणि त्याला विमान वेळेत वर उचलता आले नाही. उरलेल्या तिघांची नजर लीडरवर होती, आणि तीच त्यांची शिस्त होती. चारही विमाने जवळजवळ एकाच क्षणी जमिनीवर आदळली आणि चारही वैमानिक गेले. वॉरंट ऑफिसर ही हकिकत प्रत्येक नव्या एअरफ्रेम फिटरला सांगत आणि मग लीडरच्या विमानाकडे घेऊन जात. एका विमानाच्या जोडणीवर किती जणांचे आयुष्य टांगलेले असते, हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नसे.

विमानाचे एक पुस्तक असते, आम्ही त्याला एफ ७०० म्हणतो. विमानावर झालेले प्रत्येक काम, भरलेले प्रत्येक इंधन आणि सापडलेला प्रत्येक दोष त्यात लिहिला जातो, आणि प्रत्येक नोंदीखाली काम करणाऱ्याची व ते तपासणाऱ्याची सही असते. नियंत्रणाच्या जोडणीसारखे नाजूक काम असेल तर ते एकाने करायचे, दुसऱ्याने स्वतंत्रपणे पाहायचे, आणि पाहणाऱ्याने करणाऱ्याला काही विचारायचे नाही. त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बॅटरीच्या उजेडात तपासायचे. आमच्यातील मैत्री घट्ट होती, पण मित्राने केलेले काम म्हणून कोणी कमी तपासले असे मी पाहिले नाही. उलट मित्राच्या कामावर आपली सही असल्याने माणूस अधिक वेळ घेत असे. एकजूट म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणे, असा समज घेऊन मी तिथे गेलो होतो. तिथली एकजूट दुसऱ्याचे काम कसून तपासण्यात होती आणि त्याचा कोणाला राग येत नसे.

उड्डाणाच्या दिवशी आमचे काम पहाटे अंधारात सुरू होई. सगळ्यात आधी आम्ही खांद्याला खांदा लावून विमाने उभी राहण्याच्या जागेवरून आणि टॅक्सी मार्गावरून हळूहळू चालत जायचो आणि जमिनीवरील खडे, तारेचे तुकडे, एखादा सुटलेला स्क्रू उचलायचो. जेट इंजिन पुढची हवा ओढून घेते आणि हवेबरोबर खडाही ओढते. एक छोटा खडा आतल्या पात्यांची धार मोडायला पुरेसा असतो. या ओळीत सार्जंटही चालत, नवे पोरही चालत, आणि कधी कधी अधिकारीही येऊन ओळीत उभे राहत. मग विमानांची तपासणी. इंजिनवाले इंजिनाकडे, इलेक्ट्रिकलवाले तारांकडे, इन्स्ट्रुमेंटवाले तबकड्यांकडे, आर्मामेंटवाले संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटकडे, सेफ्टी इक्विपमेंटवाले पॅराशूट आणि हेल्मेटकडे. मी चाकांपासून सुरुवात करून विमानाभोवती एकाच दिशेने फिरत असे, टायरवरील चिरा, हायड्रॉलिक तेलाचा ओलावा, पत्र्यावरील सैल रिव्हेट पाहत असे. डोळ्यांपेक्षा बोटांवर अधिक भरवसा ठेवायला तिथे शिकलो. तेलाचा पातळ थर अंधुक उजेडात दिसत नाही, पण बोटाला लागतो.

धुराचे काम वेगळे. प्रेक्षकांना जो पांढरा धूर दिसतो तो जळण्याचा धूर नसतो. इंजिनाच्या मागून निघणाऱ्या तापलेल्या झोतात डिझेल सोडले की त्याची वाफ होते आणि बाहेरच्या थंड हवेत तिचे बारीक थेंब होऊन पांढरा पट्टा उमटतो. रंग हवा असेल तर डिझेलमध्ये रंगद्रव्य मिसळतात. हा धूर शोभेपुरताच आहे असे मला आधी वाटे, पण तो वैमानिकांच्याही कामाचा असतो. समोरासमोरून येणाऱ्या दोन विमानांना एकमेकांचा धूर लांबून दिसतो, आणि वारा कुठे वाहतो हेही त्यातून कळते. धूर सुरू आणि बंद करण्याचा आदेश लीडर देतो, नऊ हात एकाच वेळी बटण दाबतात, आणि एका विमानाचा धूर अर्ध्या क्षणाने जरी उशिरा आला तरी खालून ते स्पष्ट दिसते. म्हणून त्या टाकीची, नळ्यांची आणि झडपांची तपासणी इंजिनाइतक्याच गांभीर्याने होत असे. मागच्या जागांवर उडणाऱ्या विमानांवर पुढच्यांच्या धुराचा चिकट थर बसायचा. उड्डाणानंतर तो पुसून काढण्यात आमचा बराच वेळ जाई, आणि पुसताना पत्र्याचा प्रत्येक इंच नजरेखालून जातो म्हणून ते काम मी कधी कंटाळवाणे मानले नाही.

वैमानिकांची तयारी आम्हाला दुरून दिसायची. ब्रीफिंगमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या बैठकीत, हवामान, वारा, ढगांची उंची, अडथळे, पक्षी आणि प्रेक्षकांची रेषा यांची चर्चा होई. ढग उंच असतील तर लूपसहित पूर्ण कार्यक्रम, ढग खाली असतील तर उभ्या कसरती वगळून आडव्या वळणांचा कार्यक्रम. निर्णय लीडरचा, पण दोन्हींची तयारी सर्वांची. त्यानंतर ते बसल्या जागी संपूर्ण कार्यक्रम तोंडी उडवत असत. लीडर ज्या लयीत आकाशात आदेश देणार त्याच लयीत, त्याच आवाजात तो इथे आदेश देई, आणि बाकीचे डोळे मिटून हातात दांडा असल्यासारखे हात हलवत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते दृश्य विचित्र वाटेल. आवाजाच्या लयीचा इतका आग्रह का, हे एका वैमानिक अधिकाऱ्यांनी मला सांगितले: लीडर ‘वळतो आहे’ हे शब्द ज्या वेगाने उच्चारतो त्याच वेगाने बाकीचे दांडा हलवतात, त्यामुळे शब्द घाईने आला तर नऊ विमाने घाईने वळतात.

लीडरचे दुसरे काम स्वतःची ताकद राखून ठेवण्याचे. खळ्यावर मळणीच्या पातीत बाहेरच्या बैलाला सगळ्यात लांब चालावे लागते, तसे वळणात बाहेरच्या विमानाला अधिक अंतर तेवढ्याच वेळात कापावे लागते. लीडरने इंजिन पूर्ण जोरावर चालवले तर बाहेरच्याला जागा धरण्यासाठी जोरच उरणार नाही. म्हणून पुढचा माणूस कधीही आपल्या विमानाची पूर्ण क्षमता वापरत नाही. किरण विमानात तर आणखी एक अडचण होती. त्यात दोन आसने शेजारी-शेजारी असतात आणि वैमानिक डाव्या आसनावर बसतो. त्यामुळे लीडरच्या डाव्या हाताला उडणाऱ्याला शेजारच्या रिकाम्या आसनावरून पलीकडे पाहत आपली जागा धरावी लागे, आणि तीही पंखांमधले अंतर पाच मीटरहून कमी असताना.

विमानात चढण्याआधी वैमानिक स्वतः विमानाभोवती एक फेरी मारतो, पुस्तकावर सही करतो आणि त्या क्षणी विमान आमच्याकडून त्याच्याकडे जाते. आम्ही त्याला पट्टे बांधायला मदत करतो, इजेक्शन सीटच्या सेफ्टी पिना काढून त्याला मोजून दाखवतो, शिडी काढतो. नंतर सगळे हाताच्या खुणांवर चालते, कारण इंजिने सुरू झाल्यावर शब्द ऐकू येत नाही. नऊ विमानांसमोर नऊ माणसे उभी असतात, पंखांखाली चॉक, म्हणजे चाकांना लावलेले अडसर, काढणारे वाकलेले असतात, आगीचा बंब बाजूला असतो, आणि एक राखीव विमानही तयार ठेवलेले असते. सुरू होताना एखाद्या विमानात दोष आढळला तर वैमानिक उतरून राखीव विमानात जातो आणि ठरलेल्या वेळेला ताफा निघतो. दोष सापडल्याचे सांगणाऱ्याला कोणीही बोल लावत नाही. कार्यक्रमाला कितीही मोठे पाहुणे आलेले असोत, फिटरने अंगठा खाली केला की विमान जागचे हलत नाही. कॉर्पोरलने थांबवलेले विमान विंग कमांडर उडवत नाहीत, हे मी स्वतः पाहिले आहे, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर नाराजीचा अंशही नव्हता.

बाहेरगावच्या कार्यक्रमांना आम्ही एएन-३२ या मालवाहू विमानातून सामानासह पुढे जायचो. ऑक्टोबरच्या ८ तारखेला तेव्हा दिल्लीजवळच्या हिंडनला होणारा वायुसेना दिन, दोन वर्षांतून एकदा बेंगळुरूजवळच्या येलहंक्याला एरो इंडिया हे विमानांचे प्रदर्शन, आणि मधल्या काळात निरनिराळी शहरे. अनोळखी तळावर जागा, इंधन, पाणी, झोपण्याची सोय सारेच नवे असते, पण तपासणीचा क्रम तोच राहतो.

विमाने वर गेली की प्रेक्षक आकाशाकडे पाहतात, आम्ही ऐकतो. इंजिनाच्या आवाजातील फरक फिटरच्या कानाला आधी कळतो. वैमानिकांपैकी एक जण खाली रेडिओ घेऊन उभा असतो आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवतो. संपूर्ण कार्यक्रमाचे चित्रीकरण होते. विमाने उतरली, इंजिने थांबली, पिना परत लागल्या की वैमानिक सरळ डीब्रीफिंगच्या खोलीत जातात आणि ते चित्रीकरण लावतात. त्या खोलीत हुद्दा बाजूला ठेवला जातो. सगळ्यात कनिष्ठ अधिकारी लीडरला सांगू शकतो की अमुक वळणात तुम्ही घाई केली, आणि लीडरही आपली चूक सर्वांच्या आधी स्वतःहून सांगतो. त्याच वेळी हँगरमध्ये आमचीही बैठक होत असे. वॉरंट ऑफिसर कोणाचे नाव घेऊन ओरडत नसत. काय घडले, कसे घडले आणि उद्या काय बदलायचे, एवढ्याच तीन प्रश्नांवर बोलणे संपवत.

नवा वैमानिक एकदम नऊच्या रचनेत जात नाही. आधी तो अनुभवी वैमानिकाच्या शेजारच्या आसनावर बसून पाहतो, मग दोन विमाने, मग तीन, आणि उंचावर केलेला सराव हळूहळू खाली आणला जातो. सगळे वैमानिक एकाच वेळी बदलत नाहीत. काही जातात, काही राहतात, त्यामुळे शिकवणारे नेहमी पथकातच असतात. आमच्याकडेही तसेच होते. जाणारा फिटर आपल्या जागी येणाऱ्याबरोबर काही काळ काम करतो आणि कोणत्या विमानाचा कोणता स्वभाव आहे ते सांगतो, कारण एकाच कारखान्यातील विमानांचेही स्वभाव वेगळे असतात.

या पथकाने माणसे गमावली आहेत. मार्च २००६ मध्ये बिदरजवळ झालेल्या अपघातात दोन अधिकारी गेले, जानेवारी २००९ मध्ये आणखी एक. त्या दिवसांबद्दल मी फार लिहू इच्छित नाही. अपघात झाला की विमानाची सारी कागदपत्रे ताबडतोब सील होतात, आणि ज्यांच्या सह्या त्या पानांवर असतात ती माणसे गप्प बसून आपण केलेले प्रत्येक काम मनात पुन्हा करतात, चौकशीत काहीही निघो. एका हवालदिल झालेल्या तरुण फिटरला वॉरंट ऑफिसरांनी त्या संध्याकाळी आपल्या घरी जेवायला नेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला खडे वेचण्याच्या ओळीत आपल्या शेजारी उभे केले. उड्डाणे पुन्हा सुरू झाली तेव्हा वैमानिकांनी नेहमीप्रमाणे विमानाभोवती फेरी मारली, नेहमीइतकाच वेळ घेतला आणि सही केली. त्यांनी अधिक बारकाईने तपासले असते तर ते समजण्यासारखे होते. त्यांनी तसे केले नाही, याचा आमच्या लाइनवर, म्हणजे विमाने उभी करून तयार करणाऱ्या आम्हा सगळ्यांवर, जो परिणाम झाला तो कोणत्याही भाषणाने झाला नसता.

प्रशिक्षणाच्या विमानांची टंचाई निर्माण झाल्यामुळे फेब्रुवारी २०११ च्या एरो इंडियानंतर पथक थांबवण्यात आले आणि किरण विमाने नव्या वैमानिकांना शिकवण्याच्या कामी गेली. २०१५ मध्ये सूर्यकिरण पुन्हा उभे राहिले, या वेळी हॉक मार्क १३२ या प्रशिक्षणाच्या जेट विमानांवर. सुरुवात थोड्या विमानांनी झाली आणि पुढे नऊची रचना पूर्ण झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये एरो इंडियाच्या आदल्या दिवशी येलहंक्याला सरावात दोन हॉक एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी यांचा मृत्यू झाला. पथक त्यातूनही उभे राहिले. तिरंगी धुरासाठी लागणारी यंत्रणा आता नाशिकच्या वायुसेनेच्या दुरुस्ती आगारात तयार झाली आहे.

२०२३ च्या एरो इंडियाला मी निवृत्त माणूस म्हणून भाच्याबरोबर गेलो होतो. तो सांबऱ्याला भरतीची तयारी करणाऱ्या मुलांपैकी एक. हॉकमध्ये आसने एकामागे एक असतात, त्यामुळे वैमानिकाला दोन्ही बाजूंना सारखेच दिसते, हे मी त्याला दाखवले. नऊ विमाने वर असताना त्याने विचारले, “मामा, यांच्यात सगळ्यात अवघड काम कुणाचं?” मी त्याला लीडरचे काम सांगितले, मागच्या मधल्या जागेवर पुढच्यांच्या झोतात हेलकावे सोसत उडणाऱ्याचे सांगितले, आणि विमाने उतरल्यावर दुर्बीण त्याच्या हातात देऊन विमाने उभी होती त्या लाइनकडे पाहायला लावले. तिथे मुले चॉक लावत होती, पिना घालत होती आणि एक जण शेपटीखाली झोपून बॅटरीने वर पाहत होता. “तो काय शोधतोय?” असे भाच्याने विचारले. मी त्याला तेलाचा ओलावा, सैल रिव्हेट आणि चिरा यांची यादी सांगायला सुरुवात केली, आणि तो वहीत लिहून घेऊ लागला.